दारू, स्टिअरिंग आणि फुटपाथ : 'अपघात' या शब्दामागचा इतिहास

१२ नोव्हेंबर २००६ ची पहाट. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर रस्तादुरुस्तीचं काम सुरू होतं. काम करणाऱ्या मजुरांसाठी फुटपाथवरच तात्पुरत्या झोपड्या घातल्या होत्या. दिवसभर राबून ही माणसं झोपड्यांसमोर फुटपाथवर झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास एक मोटार भरधाव आली, फुटपाथवर चढली आणि सात जणांना चिरडून गेली. आणखी आठ जण जखमी झाले. चालक दारू प्यालेला होता, हे रक्ततपासणीत निघालं.

ज्यांनी रस्ता बांधला तेच त्या रस्त्यावर मेले. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आज चालकाच्या नावाने ओळखला जातो. मेलेल्या सात जणांची नावं कुणाला आठवतात? म्हणून या लेखात आम्ही चालकांची नावं घेणार नाही. ती सगळ्यांना माहीत आहेत आणि एका क्लिकवर मिळतात.

आमचा प्रश्न वेगळा आहे. अशा मरणाला आपण 'अपघात' का म्हणतो? अपघात म्हणजे कुणाच्या हातात नसलेली गोष्ट. वीज पडली, दरड कोसळली, तर तो अपघात. पण माणूस स्वतःच्या हाताने ग्लास उचलतो, स्वतःच्या हाताने किल्ली फिरवतो आणि मग सात जण मरतात, याला नशीब म्हणायचं का? ज्या समाजाला हजारो वर्षं 'तुझ्या नशिबातच होतं' हे ऐकवलं गेलं, त्या समाजाच्या तरुणांनी तरी हा शब्द तपासून घ्यायला हवा.

मोटार नव्हती तेव्हाचं कलम

आपल्याकडे रस्त्यावरच्या मृत्यूंसाठी दीडशे वर्षं मुख्यतः एकच कलम वापरलं गेलं, भारतीय दंडविधानाचं ३०४-अ. हयगयीने किंवा बेदरकारपणे मृत्यू घडवला तर जास्तीत जास्त दोन वर्षं कैद. हे कलम १८७० साली दंडविधानात घातलं गेलं. तेव्हा या देशात मोटारगाडीच नव्हती. बैलगाडी आणि घोडागाडीच्या काळातल्या मापाने आपण ताशी शंभर किलोमीटरने धावणाऱ्या गाडीखाली मेलेल्यांचा हिशेब करत राहिलो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ही शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली आहे.

दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा होण्याचं सुरुवातीचं प्रसिद्ध उदाहरण लंडनचं, १८९७ सालचं. शिक्षा कुणाला झाली? जॉर्ज स्मिथ नावाच्या एका टॅक्सीचालकाला. हा गुन्हा कागदावर आला तोच एका कष्टकऱ्याच्या नावाने.

त्यानंतर अनेक वर्षं अडचण पुराव्याची होती. 'हा माणूस प्यालेला होता' हे सिद्ध कसं करायचं? पोलीस म्हणणार तोल जात होता, वकील म्हणणार थकला होता. तोंडाला वास येत होता की नव्हता, यावर न्याय ठरायचा. अशा मोघम चाचणीत नेहमी कोण सुटतो, हे सांगायला नको. ज्याचा वकील मोठा तो.

हा मोघमपणा विज्ञानाने मोडला. नॉर्वेने १९३६ साली रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादाच कायद्यात लिहिली, ०.०५ टक्के. त्याहून जास्त असेल तर गुन्हा. तोल जात होता का, जीभ अडखळत होती का, हे प्रश्न संपले. १९५४ साली अमेरिकेत रॉबर्ट बॉर्केनस्टाईन यांनी श्वासावरून अल्कोहोल मोजणारं यंत्र बनवलं. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहरात मोठा अभ्यास झाला आणि १९६४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. धडक झालेल्या सुमारे सहा हजार चालकांची तुलना त्याच रस्त्यांवरून सुखरूप जाणाऱ्या सुमारे साडेसात हजार चालकांशी केली. रक्तातलं अल्कोहोल ०.०८ टक्क्यांच्या पुढे गेलं की धडकेचा धोका झपाट्याने चढतो, हे त्यातून आकड्यांत दिसलं. ब्रिटनने १९६७ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम ही मर्यादा आणली आणि रस्त्यावर श्वासचाचणी सुरू केली.

'मला चढत नाही', 'मी पिऊनच चांगली चालवतो' असं सांगणारा प्रत्येक वस्तीत, प्रत्येक सोसायटीत भेटतो. दारू आधी माणसाचा अंदाज बिघडवते. समोरच्या गाडीचं अंतर, स्वतःचा वेग, ब्रेक दाबायला लागणारा वेळ, सगळं चुकतं. आणि आपला अंदाज चुकतोय हे कळण्याची शक्तीही तीच दारू काढून घेते. म्हणून प्यालेल्या माणसाची स्वतःबद्दलची साक्ष कधीच खरी धरता येत नाही. यंत्राची गरज त्यासाठीच पडली.

आपला कायदा आणि रक्ताची बाटली

भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात दारू पिऊन गाडी चालवणं गुन्हा होतंच, पण वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका माणूस प्यालेला होता हे दाखवावं लागे. म्हणजे पुन्हा तोच मोघमपणा. १९८८ चा नवा कायदा आला आणि १९९४ च्या दुरुस्तीने कलम १८५ मध्ये आजची मर्यादा आली, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. ब्रिटनच्या निम्म्याहून कमी. कागदावर आपला कायदा कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा हजार रुपयांपर्यंत गेला, सोबत सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

मग घोडं अडतं कुठे? अडतं ते चाचणीपाशी. शरीर दारू सतत जाळत असतं. साधारणपणे दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल कमी होतं. धडकेच्या वेळी ९० वर असलेला माणूस चार तासांनी ३० वर येतो. त्यामुळे रक्त कधी घेतलं, कुणी घेतलं, बाटलीला सील कुणी लावलं, ती प्रयोगशाळेत कधी पोचली, यावर खटला उभा राहतो किंवा पडतो. ज्याच्याकडे चार तास मिळवण्याची ताकद आहे त्याच्याकडे निर्दोष सुटण्याची ताकद आहे.

हे पुण्याने पाहिलं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका अल्पवयीन मुलाच्या महागड्या गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. दोघेही मेले. मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला. जामिनाच्या अटींत रस्ते सुरक्षेवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांना अटक झाली. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठीची वयोमर्यादा २५ वर्षं आणि हा मुलगा अठराचाही नव्हता. लोक रस्त्यावर आले, माध्यमांनी विषय लावून धरला, म्हणून नमुन्याची गोष्ट बाहेर आली. ज्या तालुक्याच्या गावात कॅमेरा पोचत नाही, तिथल्या बाटल्यांचं काय होत असेल?

जिवाचा भाव

आता न्यायालयांचा इतिहास पाहू.

दिल्ली, १० जानेवारी १९९९. लोधी कॉलनीत पहाटे एका आलिशान गाडीने सहा जणांना चिरडलं. त्यांत तीन पोलीस होते. सत्र न्यायालयाने २००८ मध्ये सदोष मनुष्यवध धरून पाच वर्षं दिली. उच्च न्यायालयाने तो हयगयीचा गुन्हा ठरवून शिक्षा दोन वर्षांवर आणली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सदोष मनुष्यवध धरला, पण भोगलेली कैद पुरेशी मानून पन्नास लाख रुपये भरायला आणि दोन वर्षं समाजसेवा करायला सांगितलं.

मुंबई, २८ सप्टेंबर २००२. वांद्र्यात एका प्रसिद्ध अभिनेत्याची गाडी बेकरीसमोर झोपलेल्यांवर चढली. एक मेला, चार जखमी झाले. तेरा वर्षांनी, मे २०१५ मध्ये, सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली. डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. गाडी अभिनेताच चालवत होता आणि तो प्यालेला होता, हे सरकार पक्षाला संशयापलीकडे सिद्ध करता आलं नाही, असं न्यायालय म्हणालं. निकाल न्यायालयाचा आहे, तो आम्ही नोंदवतो. पण मग त्या माणसाला मारलं कुणी, या प्रश्नाचं उत्तर तेरा वर्षांनंतरही त्याच्या घरच्यांना मिळालं नाही. आणि शिक्षा झाली त्या दिवसांत एका गायकाने जाहीरपणे दोष दिला तो रस्त्यावर झोपणाऱ्यांनाच! कुणी हौसेने फुटपाथवर झोपतं का?

आणि कार्टर रोड. एप्रिल २००७ मध्ये सत्र न्यायालयाने चालकाला हयगयीसाठी दोषी धरलं. शिक्षा सहा महिने साधी कैद आणि पाच लाख दंड. सात माणसं, सहा महिने. एका जिवाला महिनाही आला नाही. लोकांमध्ये संताप उसळला. सप्टेंबर २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा सदोष मनुष्यवध आहे असं ठरवून तीन वर्षं सक्तमजुरी दिली. १२ जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तीन वर्षं फारच तोकडी आहेत, पण शिक्षा वाढवण्यासाठी राज्य सरकारने आमच्याकडे अपीलच केलं नाही, असंही न्यायालयाने नोंदवलं. सात मजुरांसाठी दिल्लीपर्यंत जाण्याची गरज सरकारला वाटली नाही!

तरीही या निकालाचं मोल मोठं आहे. दारू पिऊन बेफाम गाडी चालवणाऱ्याला, आपल्या कृत्याने माणसं मरू शकतात याची जाणीव होती असं धरता येतं, हे तत्त्व त्यातून पक्कं झालं. हयगय वेगळी, जाणीव वेगळी. सदोष मनुष्यवधात दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. १८७० च्या 'चुकून झालं'पासून २०१२ च्या 'तुला माहीत होतं'पर्यंत यायला आपल्या कायद्याला १४२ वर्षं लागली. ती वाट सात मजुरांच्या मृत्यूवरून गेली आहे.

दुकान कुणाचं, महसूल कुणाचा?

दोष फक्त पिणाऱ्याचा का? पाजणाऱ्याचं काय? हा प्रश्न आपल्या परंपरेत जुना आहे. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी १८८० साली शहरातल्या दारू दुकानांच्या वाढीविरुद्ध पालिकेला पत्र लिहिलं होतं. इंग्रज सरकारला अबकारीचं उत्पन्न हवं होतं, लोकांचे संसार बुडाले तरी चालणार होतं. सरकारं बदलली, पण हे गणित बदललं का?

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याचा अनुभव आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. पैसेवाल्याला परमिट आणि गरिबाच्या झोपडीवर हातभट्टीची धाड. बाबासाहेबांनी हे ढोंग ओळखलं होतं. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात दारूबंदी उठवून अबकारीचं उत्पन्न लोकांच्या कामी लावण्याची भूमिका होती. आणि त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्या लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली सतरावी दारू न पिण्याची. काहींना यात विसंगती दिसते. आम्हाला दिसत नाही. सरकारने दंडुक्याने घराघरात शिरणं वेगळं आणि माणसाने शील म्हणून स्वतः सोडणं वेगळं. पण रस्ता हे कुणाचं खाजगी घर नाही. तिथे माझ्या ग्लासचा परिणाम दुसऱ्याच्या देहावर होतो. म्हणून तिथे शीलही हवं आणि कायदाही हवा.

१५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी घातली. महामार्गांवर दारूचे परवाने देऊ नयेत अशी शिफारस राष्ट्रीय रस्ते सुरक्षा परिषदेने २००४ मध्येच केली होती, ती बारा वर्षं धूळ खात पडली होती. आदेशानंतर सरकारांनी काय केलं? दुकानं हलवण्याऐवजी महामार्गांचंच नाव बदललं! चंदीगडपासून महाराष्ट्रापर्यंत शहरांतून जाणारे रस्ते महामार्गांच्या यादीतून काढण्याची धडपड सुरू झाली. केरळात एका बारने अंतर वाढवण्यासाठी दारापुढे नागमोडी वाट बांधली. मार्च २०१७ मध्ये लहान वस्त्यांसाठी अंतर २२० मीटर झालं, जुलै २०१७ मध्ये चंदीगडचा मार्ग न्यायालयाने मान्य केला आणि पुढे शहरांमधली दुकानं बरीचशी मोकळी झाली. शिष्यवृत्तीची फाईल वर्षभर हलत नाही, पण दारू दुकानाच्या वाटेतला महामार्ग काही आठवड्यांत नाहीसा होतो. सरकारची तत्परता कुठे असते ते बघा.

मरतं कोण?

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवर होते आणि १९.५ टक्के पायी चालणारे. दर तीन मृतांतले जवळपास दोन हे चारचाकीत बसलेलेच नव्हते. त्यांच्याभोवती ना पत्रा ना एअरबॅग.

याच अहवालात दारू किंवा अमली पदार्थ पिऊन चालवल्यामुळे झालेले मृत्यू ४,२०१ आहेत. म्हणजे अडीच टक्के. हा आकडा खरा मानायचा का? पोलिसांच्या नोंदीत बहुतेक मृत्यू 'अतिवेग' या रकान्यात जातात. पण वेग वाढला कशामुळे, हे तपासायला प्रत्येक चालकाचं रक्त वेळेत कोण घेतं? बेंगळुरूच्या निम्हान्समधल्या अभ्यासांत रुग्णालयात आलेल्या जखमींमध्ये दारूचं प्रमाण यापेक्षा बरंच जास्त आढळलं आहे. जे मोजलं जात नाही ते सरकारदरबारी घडतच नाही. जातनिहाय जनगणनेची मागणी करणाऱ्या आपल्या चळवळीला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता आपल्याकडे बघू

इथवर वाचून बरं वाटलं असेल, कारण इथवर दोषी दुसरे होते. मोठ्या गाड्यावाले, बारवाले, सरकार. आता आरसा स्वतःकडे फिरवू.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो. रविवारी सकाळी शवविच्छेदनगृहाबाहेर उभं राहणं हा आमच्या कामाचा भाग झाला आहे. तिथे मोठ्या गाडीवाल्यांची पोरं फार दिसत नाहीत. दिसतात ती आपली. ढाब्यावरून परतताना, एका मोटारसायकलवर तिघं, डोक्यावर हेल्मेट नाही, अंधारात रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली उभी. गेल्या काही वर्षांत आम्ही अशी तीन घरं पाहिली. एका घरातला मुलगा पदवीपर्यंत शिकलेला, घराण्यातला पहिला. त्याच्या अपघात विम्याचा दावा कंपनीने नाकारला, कारण रक्तात दारू निघाली. आईने आम्हाला विचारलं, 'दादा, पोरगं गेलं ते गेलं, पैसे पण गेले का?' आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या महिन्यात त्याच चौकात जयंतीच्या मिरवणुकीत त्याचेच मित्र पिऊन गाड्या फिरवत होते. गाडीच्या टाकीवर निळा झेंडा होता.

मित्रांनो, बाबासाहेबांचा झेंडा लावून दारू पिऊन गाडी हाणणं हा बाबासाहेबांचा सन्मान आहे का? सतरावी प्रतिज्ञा काय फक्त १४ ऑक्टोबरला म्हणायची? पंचशीलातल्या पाचव्या शीलात 'पमाद' हा शब्द आहे. पमाद म्हणजे बेसावधपणा, भान सुटणं. दारू वाईट आहे ती या भान सुटण्यामुळे. शील मोडणारा स्वतःपुरतं मोडतो असं वाटतं, पण गाडीच्या चाकाखाली पहिलं शीलही मोडतं, ते जीव न घेण्याचं. कायद्याला 'जाणीव' या शब्दापर्यंत यायला १४२ वर्षं लागली. आपल्याला तो विचार अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितलेला आहे.

'ते श्रीमंत सुटतात, मग आम्हालाच का शहाणपण?' असं कुणी विचारेल. कारण ते सुटतात आणि आपण मरतो. नाकाबंदीत सापडला तर दहा हजारांचा दंड रोजंदारीवाल्याचा महिना खातो. रिक्षा, टेम्पो चालवणाऱ्याचा परवाना गेला तर घराची चूल जाते. समान न्याय मागायचाच आहे. पण तो मागणाऱ्याचे पाय जमिनीवर आणि भान शाबूत हवं.

करायचं काय?

पहिलं, जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि लग्नाच्या वरातीत दारू पिऊन कुणी गाडीला हात लावणार नाही, हे मंडळाने आधीच ठरवावं. किल्ल्या गोळा करायला दोन कार्यकर्ते नेमावेत. याने चळवळीची बदनामी होत नाही, इज्जत वाढते.

दुसरं, वस्तीत कुणी मेलं तर पहिल्या काही तासांतच कार्यकर्ता पोलीस ठाण्यात पोचला पाहिजे. चालकाचं रक्त घेतलं का, किती वाजता घेतलं, नोंद कुठे आहे, हे लेखी विचारा. चालक प्यालेला असेल तर फक्त हयगयीचं कलम लावून प्रकरण मिटवू देऊ नका. सदोष मनुष्यवधाचं कलम, आता न्याय संहितेतलं १०५, लावण्याची लेखी मागणी करा. कार्टर रोडच्या निकालाचा दाखला द्या.

तिसरं, भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दाखल करा. गाडी सापडलीच नाही तर २०२२ च्या योजनेप्रमाणे मृताच्या वारसांना दोन लाख रुपये मिळतात. पूर्वी पंचवीस हजार होते. आपल्या बहुतेक कुटुंबांना हे माहीतच नसतं.

चौथं, पुन्हा कुणी 'फुटपाथवर झोपले म्हणून मेले' असं म्हणालं तर गप्प बसू नका. रस्ता बांधणाऱ्याला झोपायला छप्पर का नव्हतं, हे विचारा.

आणि शेवटचं, 'अपघातात गेला' असं म्हणण्याआधी क्षणभर थांबा. कोण प्यालं होतं, कुणी पाजलं, कुणी सोडलं, हे आधी विचारा. त्या सात मजुरांचं एवढं देणं आपण लागतो.

जय भीम!